बसा म्हणायचं राहिलं

कॉलेजच्या पहिल्या तासाला सर वर्गात आले आणि शिडी उभी राहिली. एवढंच तिने केलं. पुढे जे काही झालं त्यात तिचा दोष असलाच तर तो इतकाच, की ती बसली नाही.

शिडी हे तिचं शाळेतलं नाव. उंचीवरून पडलेलं, आणि कॉलेजात ते कुणाला कळू नये अशी तिची फार इच्छा होती. खरं तर कॉलेजात आपण आहोत हेच कुणाला कळू नये, असं तिने ठरवून टाकलं होतं. कारण निघताना बाबांनी बजावलं होतं. बाबा शिंपी. बोलणंही मापात. "होस्टेलचा हट्ट केलास, ऐकला. पण कॉलेजातून एक तक्रार आली, एकच, की ट्रंक उचलायची आणि घरी. मग माझ्याशेजारी बसून काजं करायची." बाबांनी एकदा कात्री चालवली की चालवली. शिडीला ते जन्मापासून माहीत होतं.

मग ती उभी का राहिली? बाईंमुळे. बाई म्हणजे तिच्या आठवी ते दहावीच्या वर्गशिक्षिका. त्यांनी बाबांनाही शिकवलं होतं. त्या गावात बाईंच्या हाताखालून न गेलेला माणूस शोधावा लागला असता. बाईंचा नियम साधा होता. शिकवणारं माणूस आलं की उभं राहायचं, आणि ते 'बसा' म्हणेपर्यंत बसायचं नाही. आठवीत शिडी पोक काढून उभी राहायची, दोन इंच कमी दिसावीत म्हणून. बाईंनी तिच्या पाठीला फूटपट्टी लावली. मारली नाही हं, नुसती टेकवली. म्हणाल्या, "ताठ! तुझी उंची तुझी आहे. कुणाच्या घरातून पळवून आणलेली नाहीस." त्या दिवसापासून शिडी ताठ उभी राहू लागली, आणि उभं राहायला तिला चक्क आवडू लागलं. शाळेने तिला बीजगणित दिलं, भूगोल दिला, पण खरं काही दिलं असेल तर ते हे. आता अशी सवय काय सुट्टीत गळून पडते?

सर होते अर्थशास्त्राचे. स्वभावाने गरीब. वह्यांत नाक खुपसून आत आले, वर्गाकडे न बघताच फळ्याकडे वळले आणि लिहायला लागले. 'बसा' राहिलंच.

"अगं ए, बस ना. फळा दिसत नाहीये," मागची मुलगी कुजबुजली.

"अजून बसा म्हणाले नाहीत," शिडी पुटपुटली.

"इथे कोण म्हणतंय बसा?"

पण शिडी हलेना. पहिल्या बाकावर, बरोबर मधोमध, ही एवढी उंच मुलगी! मागचीला लिहून घ्यायचं होतं, ती वैतागून उभी राहिली. तिच्यामुळे तिच्या मागच्या दोघींना दिसेना, त्या उभ्या राहिल्या. चौथ्या ओळीला वाटलं हजेरी उभ्याने घेतात. शेवटच्या बाकावरची मंडळी तर अशी, की कुठे काही चाललंय म्हटलं की काय चाललंय हे विचारायच्या आधी सामील. पाच मिनिटांत नव्वदच्या नव्वद जण उभे.

सरांनी मागणी-पुरवठ्याची आकृती पूर्ण केली, हात झटकले, वळले, आणि त्यांच्या हातातला खडू पडला. दोन वर्षांपूर्वी अशीच पोरं उभी राहिली होती, बाहेर पडली होती, आणि कॉलेज आठ दिवस बंद होतं. तोही तास सरांचाच होता.

"तु... तुमच्या मागण्या काय आहेत?" सर म्हणाले.

"सर, आपण फक्त..." शिडीने तोंड उघडलं.

"पंखा!" शेवटच्या बाकावरून आरोळी आली. "वरचा पंखा फिरत नाही!"

"खिडकीची काचसुद्धा!" आणखी कुणाला तरी आठवलं.

सर जे निघाले ते थेट प्राचार्यांच्या खोलीत. आता शिक्षक जाताना तर उभं राहायचंच असतं, त्यामुळे शिडी उभीच. आणि बाकीच्यांना आता बसायची लाज वाटायला लागली. मागण्या केल्यावर लगेच बसणं बरं दिसत नाही.

प्राचार्य आले, मागे सर, त्यांच्या मागे शिपाई.

"नेता कोण?" प्राचार्यांनी विचारलं.

एकोणनव्वद बोटं शिडीकडे वळली. कुणाला दिसणार नाही असं ठरवून आलेली मुलगी! पण तिची पाठ ताठच होती, आणि त्यामुळे ती अधिकच नेत्यासारखी दिसत होती.

प्राचार्य शिस्तीचे. त्यांनी आधी प्रवेशाचा अर्ज मागवला, त्यावरचा नंबर फिरवला. "आपली मुलगी इथे पहिल्याच दिवशी संप करते आहे," ते फोनवर म्हणाले. पलीकडून काय उत्तर आलं ते ऐकायची शिडीला गरजच नव्हती. तिच्या डोळ्यांपुढे ट्रंक उभी राहिली, आणि त्यामागे काजांची रांग.

"आता बोल," प्राचार्य म्हणाले. "कुणाच्या सांगण्यावरून उभी आहेस?"

बाई म्हणायच्या, विचारलं की खरं सांगायचं. "बाईंच्या," शिडी म्हणाली.

"कोण बाई? कुठल्या संघटनेच्या?"

"आठवी ब च्या, सर."

प्राचार्यांना वाटलं, ही आपली थट्टा करते आहे. "लाव त्यांना फोन! सगळ्यांसमोर लाव!" त्यांनी स्वतःच स्पीकर चालू करून तिचा मोबाइल टेबलावर ठेवला. शाळेत मधली सुट्टी असावी. बाईंनी लगेच उचलला.

"काय गं शिडी? बरी आहेस ना?"

झालं! नाव वर्गभर झालं. पण शिडीला आता त्याचंही काही वाटेना.

"मी प्राचार्य बोलतोय. ही मुलगी उभी आहे."

"मग चांगलं आहे की."

"नव्वद मुलं उभी आहेत! तुम्ही सांगितलंत म्हणे!"

"किती वेळ झाला?"

"पाऊण तास."

"आणि त्यांना कुणी बसा म्हणालं का?"

प्राचार्यांनी सरांकडे पाहिलं. सरांनी पडलेल्या खडूकडे पाहिलं.

"नाही," प्राचार्य म्हणाले.

"अहो, मग बसतील कशी? पोरांचे पाय आहेत का खांब? कमाल करता!" बाईंनी श्वास घेतला. शिडीला तो श्वास ओळखीचा होता. "बसा!"

नव्वद जण धपकन बसले. सर खुर्चीत बसले. शिपाई उंबरठ्यावर बसला. आणि प्राचार्यसुद्धा जागा न बघताच फळ्याखालच्या चौथऱ्यावर बसले. बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं. पहिलं हसू सरांना फुटलं, आणि त्यांच्यामागोमाग सगळा वर्ग.

"बसलात का सगळे?" फोनमधून आवाज आला.

"हो, बाई," प्राचार्य म्हणाले.

प्राचार्य मनाने भले होते. त्यांनी लगेच बाबांच्या दुकानात पुन्हा फोन लावला, पण तो नुसताच वाजत राहिला. बाबा निघाले होते.

चार वाजता शिडीला प्राचार्यांच्या खोलीत बोलावणं आलं. ती दारात पोचली तेव्हा प्राचार्य मीटिंग संपवून नुकतेच आत येऊन बसत होते. बाबा टेबलासमोर होते. गळ्यातली टेप काढायचंही भान राहिलं नव्हतं त्यांना. तिला बघताच ते कडाडले, "ट्रंक भरलीस का?"

प्राचार्यांनी त्यांना थांबवलं आणि झालेलं सगळं सांगितलं. बाबांचा राग काही उतरेना.

"असं कुठं असतं का साहेब? कुणी बसा म्हणालं नाही म्हणून माणूस तासभर उभा राहतो? जरा अक्कल नको?"

"तुम्ही कधी आलात?" प्राचार्यांनी विचारलं.

"तीनला. शिपायाने दार उघडून दिलं, म्हणाला साहेब येतीलच. आणि गेला."

प्राचार्य बाबांच्या मागे बघत होते. शिडीनेही पाहिलं. बाबांच्या मागे, अगदी हाताच्या अंतरावर, तीन गुबगुबीत खुर्च्या रिकाम्या होत्या. बाबांनी मान वळवून त्या पाहिल्या. मग त्यांचा हात उगाच टेपकडे गेला.

"बसा," प्राचार्य म्हणाले.

बाबा बसले. बराच वेळ टेप गुंडाळत राहिले. मग खालच्या आवाजात विचारलं, "आवाज कसा होता गं बाईंचा? अजून तसाच?"

"तसाच," शिडी म्हणाली.

"ट्रंक राहू दे मग," बाबा म्हणाले.