उंदरांचा पेसाख

एलिझाबेथ झिराडकरने पेसाखच्या सणासाठी घर इतकं घासून काढलं होतं, की नेगेवच्या वाळवंटातली धूळसुद्धा उंबऱ्याबाहेर चपला काढून उभी राहिली असती. आणि त्याच दुपारी तिची मुलगी ओरिट चार पिंजऱ्यांत आठ उंदीर घेऊन दारात हजर झाली.

"हे काय घेऊन आलीस गो?" एलिझाबेथने विचारलं.

"इमा, सणापुरतंच. सुट्टी संपली की परत नेते."

आईने मराठीत विचारायचं आणि लेकीने हिब्रूत उत्तर द्यायचं, ही त्या घरातली जुनी वहिवाट होती. कोकणातून इस्रायलला येऊन डिमोनात वसलेल्या आपल्या ज्यू लोकांच्या बहुतेक घरांत हेच चालायचं. आपण मात्र दोघींचंही मराठीतच ऐकू.

उंदीर साधेसुधे नव्हते. ओरिट बेर-शेव्याच्या विद्यापीठात मधुमेहावर डॉक्टरेट करत होती आणि हे आठजण म्हणजे तिची तीन वर्षांची कमाई होती. ही वाळवंटातली जात. उघड्यावर खारट झुडपाचा पाला खाऊन ठणठणीत राहते. पण पिंजऱ्यात घालून धान्य खायला घातलं, की लठ्ठ होते आणि रक्तातली साखर चढते. ती चढली की ओरिट आपलं झाडपाल्याचं औषध देऊन बघणार होती. अडचण एवढीच, की हे आठजण महिनोन्‌महिने धान्याच्या गोळ्या हादडून गुबगुबीत झाले, पण साखर काही चढू देईनात. सगळं जग निरोगी राहायला धडपडतं आणि इथे उंदरांच्या निरोगीपणाने पोरीच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तिच्या प्रोफेसर ओर्ना यांनी निक्षून सांगितलं होतं, की सुट्टी संपेपर्यंत हे आजारी पडले नाहीत तर हा विषय बंद. दुसरा घ्यायचा आणि पहिल्यापासून सुरुवात करायची. त्यातच विद्यापीठाच्या प्राणिगृहात मुंग्यांसाठी औषध फवारायचं निघालं. उंदीर घरी नेणं नियमात बसत नव्हतं, पण रस्त्यावर ठेवणं तर अजिबातच बसत नव्हतं.

ओरिटने पिंजरे गॅलरीत मांडले, बाजूला गोळ्यांची गोणी ठेवली आणि प्रयोगशाळेत विसरलेलं रक्त तपासायचं मीटर आणायला ती पुढच्या बसने परत गेली. उद्या संध्याकाळी सेदेरच्या, म्हणजे सणाच्या पहिल्या रात्रीच्या जेवणाआधी येते म्हणाली.

आता पेसाखचा नियम लहान पोरालाही पाठ असतो. त्या सात दिवसांत घरात खमीर धरणारं काही ठेवायचं नाही. गहू नाही, जव नाही, पावाचा चुरासुद्धा नाही. ओरिट याच घरात वाढली होती, पण शिकलेल्या माणसाचं असंच होतं. उंदराच्या पोटात काय चाललंय हे तिला अगदी बारकाईने ठाऊक होतं. आईच्या पोटात उद्या सकाळी गोळा येणार आहे, हे मात्र लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी एलिझाबेथने गोणीवरचं गव्हाच्या ओंबीचं चित्र पाहिलं आणि तशीच फोनकडे धावली. आपल्या सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणारे हज्जान सामाजी यांना सकाळपासून अर्ध्या गावाने असले प्रश्न विचारून हैराण केलं होतं. ते म्हणाले, जनावराचं खाणं असलं तरी खमीर ते खमीर. ते परक्या धर्माच्या माणसाला विकता येतं, पण विकायची वेळ टळून गेली आहे, तेव्हा जाळून मोकळे व्हा. एलिझाबेथने हाक मारली आणि तिचे यजमान रूबेन उठले. खनिजांच्या कारखान्यातून रिटायर झालेला हा शांत माणूस बायकोच्या शब्दाबाहेर कधी गेला नव्हता. मागच्या मैदानात शेजारीपाजारी उरलेसुरले पाव जाळत होते, त्यात रूबेनने गोणी रिकामी केली.

संध्याकाळी ओरिट मीटर घेऊन आली. गोणी कुठे आहे असं तिने विचारलं.

"जाळली," एलिझाबेथ म्हणाली. "फर्स्ट क्लास पेटली."

ओरिट गॅलरीत जमिनीवरच बसली. रडली नाही, पण आता रडेल की मग रडेल असं तिचं तोंड झालं. दुकानात जाऊन उपयोग नव्हता. देशातल्या प्रत्येक दुकानात धान्याच्या फळ्यांवर पेसाखसाठी प्लास्टिकचे पडदे लागले होते. रूबेन म्हणाले, मी वाळवंटात जाऊन खारट पाला तोडून आणतो. त्यावर ओरिट ताडकन उठली. त्या पाल्याने तर ते आणखी ठणठणीत होतील, ती म्हणाली. मग सणाची कोरडी बेखमीर पोळी, म्हणजे मात्सा, देऊन पाहिला. उंदरांनी एकदा वास घेतला आणि पाठ फिरवली. पुढचे सात दिवस तोच मात्सा ज्याला खायचा होता त्या रूबेनला त्यांच्याबद्दल फार आदर वाटला.

"आपण जेवतो ते द्या," एलिझाबेथ म्हणाली. "मुक्या जीवांना सणासुदीला उपाशी ठेवतेस काय?"

दुसरा मार्गच नव्हता. आपल्या लोकांना पेसाखात तांदूळ चालतो, हे उंदरांचं नशीब. त्या रात्रीपासून त्यांना तांदळाची भाकरी, नारळीभात, बटाट्याचे वडे आणि वरून खजुराचा पाक असा थाट सुरू झाला. ओरिटने आईला बजावलं, की प्रत्येक पिंजऱ्याला सकाळी एक छोटी वाटी आणि संध्याकाळी एक, त्याहून कणभरही जास्त नाही. मग ती खोलीचं दार लावून प्रबंध लिहीत बसली. पाहुण्याला वाटीने मोजून वाढणं एलिझाबेथच्या स्वभावातच नव्हतं. पण लेकीच्या शब्दासाठी तिने तेही केलं.

नवल केलं ते रूबेनने. ते दोन्ही वेळा आपलं ताट घेऊन गॅलरीत जाऊन जेवू लागले. म्हणाले, बिचाऱ्यांना नव्या जागी एकटं वाटतं. एलिझाबेथला भरून आलं. रिटायर झाल्यापासून हे किती मऊ झाले, असं तिने शेजारणीलाही सांगितलं.

सण संपला. ओरिट पिंजरे घेऊन बेर-शेव्याला गेली आणि दुपारीच तिचा फोन आला.

"इमा, आजारी पडले! आठही आजारी पडले!"

"माझ्या जेवणाने?" एलिझाबेथने विचारलं.

"तुझ्याच जेवणाने. जे कंपनीच्या गोळ्यांना जमलं नाही ते तू सात दिवसांत केलंस."

पोरगी आनंदाने बोलतेय हे कळत होतं, पण या कौतुकाचं नेमकं करायचं काय हे एलिझाबेथला संध्याकाळपर्यंत समजलं नाही.

प्रोफेसर ओर्ना मात्र एवढ्याने हुरळणाऱ्या नव्हत्या. एकदा घडतं तो अपघात, पुन्हा घडलं तर ते विज्ञान, असं त्यांचं म्हणणं. तोच आहार, तेवढाच मोजून, नव्या उंदरांना द्यायचा. आणि त्याचा हिशेब समितीपुढे ठेवायचा. म्हणून शुक्रवारी सकाळी त्या स्वतःच तराजू घेऊन डिमोनाला आल्या. बाई काडीसारख्या बारीक होत्या. एलिझाबेथने पेसाखचा सगळा स्वयंपाक पुन्हा केलेला होताच, त्यांना पाहून तिने त्यात आणखी दोन पदार्थ वाढवले.

टेबलावर ती छोटी वाटी आली. ओर्नाबाईंनी भात तोलला, भाकरी तोलली, पाक तोलला आणि पेन्सिलीने कागदावर आकडे मांडत गेल्या. मांडता मांडता पेन्सिल थांबली. त्यांनी पुन्हा तोललं, पुन्हा मांडलं.

"एवढ्याने हे होत नाही," त्या म्हणाल्या. "उंदरांची वजनं सांगतात की त्यांनी याच्या दुप्पट तरी खाल्लंय. नाहीतर ओरिट, तुझे आकडे चुकलेत. ज्यावर माझाच विश्वास नाही ते मी रविवारी समितीपुढे ठेवू शकत नाही."

ओरिटचा चेहरा पांढरा पडला. तिने आईकडे पाहिलं. "इमा, खरं सांग. जास्त घातलंस?"

"एलिया हन्नाबी साक्ष आहे," एलिझाबेथ म्हणाली. "एक शीत जास्त घातलं नाही. घालावंसं फार वाटलं, पण घातलं नाही."

टेबलाच्या टोकाला रूबेन बसले होते. तोंड उघडावं तर बायको, न उघडावं तर लेक. इकडे आड तिकडे विहीर. त्यांनी ओरिटच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि विहिरीत उडी घ्यायचं ठरवलं.

"जास्तीचं मी घातलं," ते म्हणाले.

"तुम्ही कुठलं घातलंत?" एलिझाबेथने विचारलं.

"माझ्या ताटातलं."

मग सगळंच बाहेर आलं. वर्षभरापूर्वी दवाखान्यातल्या तिकवा नर्सने त्यांचं रक्त तपासून सांगितलं होतं, की साखर अगदी काठावर आहे, तेव्हा भात, नारळ, खजूर, गोडधोड सगळं सोडा. रूबेनने मान डोलावली आणि घरी येऊन हे सांगायचं धैर्य गोळा करत बसले. लग्न झाल्या झाल्या एकदा त्यांनी पोट भरलं म्हणून वड्याला नको म्हटलं होतं, तेव्हा एलिझाबेथने दोन दिवस अबोला धरला होता. एक वडा नाकारला तर दोन दिवस; सगळं ताटच नाकारलं तर काय, हा हिशेब त्यांना झेपेना. तेव्हापासून अर्धंअधिक ताट मागच्या दाराने गल्लीतल्या मांजरांना जात होतं. पेसाखात गॅलरीतच आठ भुकेली तोंडं आली आणि रूबेनला वाटलं, देवानेच पाठवली. सात दिवस ते स्वतः कोरडा मात्सा चावत होते.

ओर्नाबाई या शास्त्रज्ञ होत्या. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, की त्या ताटात साधारण किती असायचं?

एलिझाबेथने ताट ओढलं, डाव घेतला आणि न बघता वाढलं. भाताचा डोंगर, दोन भाकऱ्या, वडे, वर पाक. इतक्या वर्षांचा सरावाचा हात होता. ओर्नाबाईंनी ते ताट तसंच तराजूवर ठेवलं, भागाकार केला, बेरीज केली आणि पेन्सिल खाली ठेवली.

"जमतंय," त्या म्हणाल्या.

ओरिटने वडिलांच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि इतके दिवस अडलेलं रडं एकदाचं रडून घेतलं. रूबेन तिला थोपटत होते, पण नजर बायकोवर होती.

"वर्षभर?" एलिझाबेथने विचारलं. "मांजरांना?"

रूबेनने मान डोलावली.

"जेवण मांजरांना घातलंत ते राहू दे. आजार झालाय हे मला सांगायचं नाही? मी काय परकी आहे?"

एलिझाबेथने पदराने डोळे पुसले आणि ओर्नाबाईंकडे वळून विचारलं, की उंदीर काही उरवायचे का? एक कणसुद्धा नाही, असं बाईंनी आकडे पाहून सांगितलं.

"बघा," ती नवऱ्याला म्हणाली. "जनावराला कळतं."

समितीने प्रयोग मंजूर केला. नव्या उंदरांसाठी तोच आहार डिमोनाहूनच जाणार होता, कारण प्रयोगशाळेत केलेला नारळीभात ओर्नाबाईंना स्वतःलाही गिळवला नाही. त्यांनी ठेवलेल्या तराजूवर एलिझाबेथ डबा तोलून भरायची आणि रूबेन दिवसाआड बसने तो बेर-शेव्याला पोहोचवायचे. रूबेनच्या स्वतःच्या पानात आता उकडलेला कोबी, उकडलेलं गाजर आणि फार तर काकडी. वाढताना एलिझाबेथ समोर बसून राहायची, आणि मांजरं मागच्या दाराशी ताटकळत असायची.

दोन आठवडे झाले, तरी नवे उंदीर लठ्ठ होईनात. साखर जागची हलेना. ओरिटने आईला फोन केला. आईने तराजूची शपथ घेतली. डिमोनात वजन बरोबर भरत होतं. मग ओरिटने एकदा डबा येताच विद्यापीठाच्या दारात तोलला, आणि तो चांगलाच हलका निघाला.

सुरुवात अगदी निर्दोष होती. डबा सांडला तर नाही ना, एवढंच पाहायला रूबेनने झाकण उघडलं होतं. पण मांडीवर गरम डबा, बसमध्ये नारळाचा दरवळ आणि पोटात कोबी. वर्षभर मांजरांपुढे टाकताना त्या भाताचं काही वाटलं नव्हतं, कारण तेव्हा तो नाकारणं आपल्या हातात होतं. आता तो उंदरांचा झाला म्हटल्यावर तसला भात आपण जन्मात खाल्ला नाही, असं त्यांना वाटू लागलं.

ओरिटने हे आईला सांगितलं नाही. तिने दुसरी व्यवस्था केली. आता बस थांबते तेव्हा ती थांब्यावरच उभी असते. एका हातात तराजू, दुसऱ्या हातात रक्त तपासायचं मीटर. शालोम नाही की कसे आहात नाही.

"अबा, आधी बोट."

तोंडातला घास गिळून होईपर्यंत रूबेनला काही बोलता येत नाही. ते मुकाट्याने बोट पुढे करतात.