मुंगीचं वजन आणि माझं नाक

सगळा घोटाळा एका वहीपासून सुरू झाला, आणि वही मी मागितली नव्हती.

मुंगी म्हणजे माझी मुलगी. वय साडेचार. हे नाव तिच्या बाबांनी ठेवलं, कारण ती ताटातलं एक शीत उचलते, इकडून तिकडे नेते आणि शेवटी कुठेतरी ठेवून देते. (खरी मुंगी निदान घरी नेऊन खाते तरी.) दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी तिला दवाखान्यात वजनाला नेते आणि काट्यासमोर अशी उभी राहते की जणू निकाल माझाच लागणार आहे. मी सातवीपर्यंत शिकले. त्यानंतर माझे जे काही निकाल लागले, ते सगळे त्या काट्यावर.

त्या सोमवारी सिस्टरने काटा पाहिला, कार्ड पाहिलं, मग मला पाहिलं.

"तीन महिने झाले, काटा जागचा हलत नाही. रात्री काय देता हिला?"

"सगळं देते."

"सगळं म्हणजे काय काय?"

आता असं एकदम विचारल्यावर कुणाला सांगता येईल? माझ्या डोक्यातून सगळ्या भाज्या पळून गेल्या, एकच राहिली.

"बटाटा," मी म्हटलं.

"आणि?"

"भात."

"आणि?"

"कधीकधी बटाट्यात वाटाणा असतो."

सिस्टरने ड्रॉवरमधून शंभर पानी वही काढून माझ्यापुढे टाकली. "रोज रात्री काय केलं आणि हिने किती खाल्लं ते लिहायचं. खरं लिहायचं. पुढच्या महिन्यात दोनशे ग्रॅम तरी वाढले नाहीत, तर मोठ्या हॉस्पिटलला चिठ्ठी देईन. रक्त तपासतील, नळ्या घालून बघतील, काय ते ठरवतील."

'नळ्या' हा शब्द कानावर पडला आणि त्यापुढचं मला काही ऐकू आलं नाही.

घरी आले ती थेट नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिले. हे दुकानांच्या पाट्या रंगवतात. दिवसभर मोठी मोठी अक्षरं काढून त्यांची बोलायची हौस फिटलेली असते.

"अहो, रात्री काय करू?"

"काहीही चालेल."

"काहीही म्हणजे काय?"

"म्हणजे तू करशील ते."

(लग्नाला सहा वर्षं झाली. 'काहीही' नावाचा पदार्थ कसा करतात ते मला अजून कुणी शिकवलेलं नाही.)

वही अशी सुरू झाली. सोमवार : बटाट्याची भाजी. खाल्लं, दोन घास. मंगळवार : बटाटा, पण गोल चिरून. खाल्लं, दोन घास, त्यातला एक नंतर फ्रॉकच्या खिशात सापडला. बुधवार : बटाटा, दुसऱ्या कढईत. खाल्लं, एक घास, तोही मी विमान करून आणला म्हणून.

आणि मी मुंगीच्या समोर बसून प्रत्येक घास डोळ्यांनी मोजत होते. मी स्वतः जेवते ते सगळ्यांच्या नंतर, भांडी आवरता आवरता, उभ्याने. काय गिळलं ते मला कळतही नाही. लक्ष सगळं उद्याकडे. उद्या काय करायचं?

गुरुवारी संध्याकाळी कचरा टाकायला खाली गेले, तर जिन्यात वास आला. तळमजल्यावर शिंपीकाका राहतात, त्यांच्या दारातून. खमंग, जरा लोणकढा, आणि मागे आणखी काहीतरी. माझ्या डोक्यात उजेड पडला. एवढ्या घरांतून रोज एवढी जेवणं होतात. आपल्याला सुचत नाही ना, मग दुसऱ्याचं बघावं. विचारायला जावं तर लाज वाटते. चार वर्षांच्या मुलीची आई स्वयंपाकाचं विचारत फिरते म्हटल्यावर लोक काय म्हणतील? पण वास घ्यायला कुणाची परवानगी लागत नाही.

मी कचऱ्याची बादली खाली ठेवली, दाराच्या फटीपाशी वाकले आणि दीर्घ श्वास घेतला.

दार उघडलं. गळ्यात मोजपट्टी घातलेले शिंपीकाका.

"काय गं पोरी? काय झालं?"

"काही नाही काका. कसला तरी वास आला म्हणून बघत होते."

काकांचा चेहरा एवढासा झाला. ते मागे वळले आणि आधी शेगडी बंद केली. मला वाटलं, भाजी झाली असेल.

शुक्रवारी मी वर निघाले. आमच्या वरच्या मजल्यावर मास्तरीणबाई राहतात, त्याच्या वर आजोबा, एकटेच. बाईंच्या दाराशी मी डोळे मिटून उभी होते (डोळे मिटले की वास नीट लागतो), तेवढ्यात बाईंनीच दार उघडलं.

"वास घेताय का?"

"हो."

"गॅसचा?"

आता इथे 'नाही' म्हणायला हवं होतं, हे मलाही कळतं. पण शाळेत असताना बाई जे विचारतील त्याला 'हो बाई' म्हणायचं, एवढंच मी सात वर्षं नीट शिकले.

"हो बाई."

"शिंपीही म्हणत होते, काल तुम्ही खाली वास घेत होतात. म्हणजे सगळ्या इमारतीत आहे."

"हो बाई."

पाच मिनिटांत बाईंचा फोन झाला. वीस मिनिटांत गॅस कंपनीचा माणूस आला, हातात साबणाच्या पाण्याची बाटली, कपाळाला आठी. "सगळ्यांनी शेगड्या बंद करून खाली अंगणात. फक्त माणसं. सामान नको."

पण अर्धवट शिजलेलं जेवण सोडून कोण येतं? शिंपीकाका कढई घेऊन उतरले. बाई पातेलं घेऊन उतरल्या, वर झाकण आणि झाकणावर वह्यांचा गठ्ठा. आजोबा छोटा टोप कुशीत धरून एकेक पायरी मोजत आले. मी एका हातात मुंगी, एका हातात आमची कढई. हे मागून आले, हातात ब्रश तसाच.

"कुणाला आला पहिला वास?" गॅसवाल्याने विचारलं.

सगळ्यांनी माझ्याकडे बोट केलं. मी वर आभाळाकडे बघितलं.

तो आत गेला आणि आम्ही भिंतीच्या कडेला बसलो. बसल्या बसल्या काका म्हणाले, "निवून जाईल सगळं, खाऊन घेऊ या." झाकणं उघडली. मी मान लांब केली. वहीच्या मागच्या पानावर मी लिहून ठेवलं होतं, 'तळमजला : काहीतरी लोण्यातलं, बहुतेक पाहुणे. वरचा मजला : खास पदार्थ, नाव माहीत नाही.'

काकांच्या कढईत बटाटा होता. बाईंच्या पातेल्यात बटाटा होता, दुधात कुस्करलेला. आजोबांच्या टोपात बटाटे होते, नुसते उकडलेले, सालासकट.

चार घरं, चार झाकणं, आत एकच बटाटा. मला रडावं की हसावं कळेना. दोन दिवस मी बटाट्याचाच वास घेत फिरत होते.

"तुमच्याकडे काय आहे?" बाईंनी विचारलं.

"वेगळं काही नाही," मी म्हटलं.

आणि तेवढ्यात माझं लक्ष मुंगीकडे गेलं. ती उलट्या बादलीवर बसली होती, आजोबांच्या शेजारी. आजोबा एक बटाटा सोलत, फोडत, वर चिमूटभर मीठ टाकत आणि तिच्या हातावर ठेवत. ते तिच्याकडे बघतही नव्हते, शिंपीकाकांना आपल्या गुडघेदुखीची हकीकत सांगत होते. मुंगीने तीन बटाटे खाल्ले. अख्खे तीन. मी मोजले.

गॅसवाला बाहेर आला. "गळती आहे."

खोटं बोललेलं खरं होतं, असं मी आजवर फक्त ऐकलं होतं.

"कुठे?" बाई म्हणाल्या.

"पहिला मजला. यांच्याच घरात. शेगडीची नळी जुनी झालीय, कुठल्याही दिवशी पेटली असती." त्याने माझ्याकडे आदराने पाहिलं. "बाई, नाक आहे हं तुमचं."

(माझ्याच ओट्याजवळ दिवसभर उभी राहून मला जो वास आला नव्हता, तो मला दुसऱ्यांच्या दारात आला, असं त्या दिवशी ठरलं.)

त्या दिवसापासून मी नाकवाली ताई झाले. दूध नासलंय का बघा, मासा ताजा आहे का बघा, गादीला कसला वास येतो बघा. सगळ्यांच्या स्वयंपाकघरांत मला मान मिळाला, आणि मी त्या मानाचा पुरेपूर फायदा घेतला. कुणाचा बटाटा कसा होतो ते उभी राहून पाहिलं, घरी येऊन तसाच केला. आजोबांचा उकडलेला केला. बाईंचा दुधातला केला. काकांचा लोण्यातला केला, त्यात लोणी जरा जास्तच घातलं. मुंगीपुढे ताट ठेवलं आणि समोर बसले.

एक घास. विमान. अर्धा घास.

वजनाचा सोमवार दहा दिवसांवर आला होता. मला झोपेत नळ्या दिसायला लागल्या. शेवटी मी एक लबाडी केली. आमची भाजी डब्यात भरली, गुपचूप आजोबांकडे नेली आणि म्हटलं, "आजोबा, तुमच्या टोपात काढून ठेवा. मुंगी येईल, तुमची म्हणून द्या."

"त्यात काय," आजोबा म्हणाले, "एकट्याने जेवण्यापेक्षा बरं."

मुंगी गेली आणि ताट चाटून आली. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी जेवायला हेही तिच्याबरोबर गेले.

"आजोबांच्या हाताला चव आहे," खाली आल्यावर म्हणाले. सहा वर्षांत त्यांनी जेवणाबद्दल काढलेलं हे सगळ्यात लांब वाक्य.

ती माझीच भाजी आहे, हे मी सांगितलं नाही. काटा हलेपर्यंत तोंड उघडायचं नाही असं ठरवलं होतं.

सोमवारी सिस्टरने मुंगीला काट्यावर चढवलं. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले.

"साडेतीनशे ग्रॅम," सिस्टर म्हणाली.

मी भिंतीलाच 'देवा' म्हटलं आणि डोळे पुसले. मागे वळले तर सिस्टर वही वाचत होती.

"हे काय लिहिलंय? आजोबांचा बटाटा, आमच्या घरी : एक घास. आमचा बटाटा, आजोबांच्या घरी : पूर्ण."

"तुम्हीच म्हणालात, खरं लिहा."

सिस्टर मुंगीपुढे खाली बसली. "काय गं, घरी का नाही जेवत?"

मुंगीने विचार केला. "आजोबा पेपर वाचतात," ती म्हणाली. "आई माझ्या तोंडात बघते."

"कशी बघते?"

मुंगीने दाखवलं. डोळे बशीएवढे केले, मान पुढे काढली, एक न दिसणारा घास तोंडापाशी येताना स्वतःचा आ वासला, घास गेल्यावर गिळला आणि बोटावर एक मोजला. बाकावर बसलेल्या सगळ्या बाया हसायला लागल्या. मला राग यायला हवा होता, पण नक्कल इतकी बिनचूक होती की मीही वासलेला आ मिटला.

सिस्टरने वहीच्या शेवटच्या पानावर लिहून दिलं : 'जेवण काहीही चालेल. मुलगी जेवत असताना आईने घराबाहेर थांबावे.'

ह्यांनी ते वाचलं आणि 'काहीही चालेल' या दोन शब्दांवर बोट ठेवून माझ्याकडे पाहिलं. (दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात त्याच दोन शब्दांची एक छोटी पाटी लागली, लाल अक्षरात, खाली पांढरी सावली देऊन.)

तेव्हापासून रोज संध्याकाळी साडेसातला मी माझं ताट घेऊन जिन्यात बसते. पहिल्या दिवशी बाई खाली उतरत होत्या.

"भांडण झालं का हो?"

"नाही बाई. मुलीचं औषध चालू आहे."

आत चमच्यांचा आवाज येत होता, मुंगीचं हसणं येत होतं. "बाबा, अजून," असं मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. बघायला कुणी नव्हतं, मोजायला काही नव्हतं, म्हणून मी सहा वर्षांत पहिल्यांदा बसून, गरम गरम, माझ्या हातचा घास तोंडात घातला.

मीठ नव्हतं.

दुसरा घास घेतला. कमी नव्हे, मुळात नव्हतंच. आत दोघं मिटक्या मारत होती. मी हळूच दार वाजवलं.

"काय पाहिजे?" आतून हे.

"मीठ."

आत खुसफूस झाली. मग दार बोटभर उघडलं आणि मिठाची छोटी बाटली धरलेला इवलासा हात बाहेर आला.

"ही बाबांच्या खिशात असते," मुंगी हळू आवाजात म्हणाली. "तू बघत असलीस की काढता येत नाही."