बाबांच्या शालीला व्हायकिंग पिन

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. जर्मनीत, नेकारसुल्मला बसून गाड्यांचे दरवाजे डिझाइन करणाऱ्या माणसाचा तो असूच शकत नाही!

म्हणूनच २०१४च्या नोव्हेंबरात माझ्या बायकोने, संपदाने, सोपवलेली कामगिरी मी छाती ठोकून घेतली. तिचे वडील आत्माराम आमच्याकडे आले होते. सासूबाई गेल्यानंतरचा त्यांचा हा पहिलाच हिवाळा. राहणार होते तीन महिने, पण दुसऱ्याच आठवड्यात परतीचं तिकीट अलीकडे घ्या म्हणून मागे लागले.

"रिकाम्या घरात एकटे बसतील रे," संपदा रडवेली झाली. "आज काहीही करून त्यांना रमव."

"सोड माझ्यावर!"

मी त्यांना नदीकाठच्या मध्ययुगीन बाजारात नेलं. शनिवार आला की इथली आयटीतली माणसं चामड्याचे बूट चढवून तलवारी विकायला बसतात. बाबांना जॅकेट चालत नाही. अंगावर शाल, आणि ती दर दहा पावलांना घसरणार. तिथल्या एका दाढीवाल्या लोहाराने आमच्यासमोर लोखंड ठोकून व्हायकिंग पद्धतीची फीबेल बनवली. म्हणजे शाल अडकवायची पिन. फट असलेलं कडं आणि त्यावर फिरणारी जाड सुई. बाबा जर्मनीत आल्यापासून पहिल्यांदाच हसले! लोहाराने त्यांचं नाव विचारलं आणि पिन लावून द्यायला पुढे झाला.

"नाइन, नाइन! नको, मी इंजेन्योर आहे," मी त्याला अडवलं.

गर्दी इतकी, की बाबा लोहाराने मागे विकायला टांगलेल्या झग्यांना टेकले होते. मी खांद्यावर शालीच्या घड्या धरल्या, जोर लावून सुई आरपार घातली, कडं फिरवलं. खट्!

"आता वादळ आलं तरी सुटणार नाही!"

साडेचारला आम्ही पार्किंगकडे निघालो. नदीवरून धुकं चढलं होतं. दोन मिनिटांत बाजार दिसेनासा झाला, मग झाडं, मग चार पावलांपुढची वाट. आवाज फक्त आमच्या पावलांचा. आणि अजून एक.

सर्र... सर्र...

आम्ही थांबलो. तो थांबला. आम्ही निघालो. तोही निघाला.

"पुष्करराव," बाबा हळूच म्हणाले, "खांदा जड झालाय. मागून कुणीतरी ओढतंय."

"वा... वारा असेल."

"पान हलत नाहीये." बाबा कुडाळचे. या विषयात त्यांचा अभ्यास दांडगा! "मागे वळून बघू नका. बघितलं की ते अंगावर येतं."

तेवढ्यात धुक्यातून घोगरा आवाज आला. "आऽऽत्माऽऽराऽऽम!"

या देशात माझ्या सासऱ्यांना नावाने हाक मारणारं कोण होतं?

"ओ देऊ नका," बाबा कुजबुजले. "तीन हाका होऊ देत. भूत तिसरी हाक मारत नाही."

"आत्माराऽऽम!" दुसरी. अगदी जवळून.

आम्ही श्वास रोखून उभे राहिलो. तिसरी हाक आलीच नाही!

मला राहवेना. मी वळलो. बाबांच्या मागे जमिनीवर काळं, लांबलचक, बिनपायांचं काहीतरी पसरलं होतं, आणि धुक्यातून एक काळाकुट्ट हात त्याच्याकडे येत होता.

मी पळालो. एकटा! तोंडात रामरक्षा, तीही मधूनच सुरू झालेली.

गाडीपाशी पोचल्यावर लक्षात आलं, सासरे मागेच राहिले. लाज वाटली, पण भीती जास्त वाटली. पाच मिनिटं दारं लॉक करून बसलो. मग संपदाचा चेहरा आठवला आणि टायर बदलायचा पाना घेऊन परत निघालो.

बाबा बाकावर बसले होते. शेजारी धापा टाकणारा लोहार, त्याच्या मांडीवर चिखलाने माखलेला काळा झगा. मी शाल आणि मागे टांगलेला झगा एकाच सुईत ओवला होता, आणि त्याचा विकायचा माल आम्ही सगळ्या वाटेने ओढत आणला होता!

"तिसरी हाक का नाही मारलीत?" मी चिडून विचारलं.

"दम लागला," तो म्हणाला.

घरी दार उघडताच संपदाने विचारलं, "कसं झालं, बाबा?" मी डोळ्यांनी त्यांना विनवत होतो. त्यांनी शांतपणे शाल सारखी केली.

"ते तिकीट राहू दे," ते म्हणाले. "मी थांबतो."

संपदाने मला मिठीच मारली! "काय जादू केलीस रे?"

"जादू कसली," बाबा म्हणाले. "असल्या धुक्यात पुष्कररावांना एकटं सोडून जायला माझं मन घेत नाही. फार घाबरतात गं ते."