खुर्चीला विचारून

माणसाला मोकळं करणं हा माझा हातखंडा आहे. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीच्या तक्रार विभागात मी फोनवर असतो. समोरच्याने ‘आमची लिफ्ट...’ एवढं म्हटलं की पुढचं वाक्य मीच पुरं करतो. त्याचे श्रम वाचतात. अशा माणसाने जीवन-प्रशिक्षकाचा कोर्स केल्यावर काय विचारता! प्रमाणपत्र हातात पडायच्या आधीच मी दारासाठी पितळी पाटी करून आणली: ‘जीवन प्रशिक्षक. मन मोकळं करा.’

बायको बँकेत आहे. तारण बघितल्याशिवाय तिचा कशावर विश्वास बसत नाही.

‘आधी घरातलं एक तरी माणूस मोकळं करून दाखवा,’ ती म्हणाली. ‘मग लावा पाटी.’

पाटी कपाटात गेली. पण मी हार मानणाऱ्यांतला नाही. कोर्समध्ये आम्हाला रिकाम्या खुर्चीचा प्रयोग शिकवला होता. समोर खुर्ची ठेवायची, ज्याच्याशी बोलायला जमत नाही तो माणूस तिच्यात बसलाय असं समजायचं आणि मनातलं बोलून टाकायचं. आमच्याकडे हातांची एक जुनी खुर्ची अडगळीत पडून होती. ती मी आतल्या खोलीत मांडली आणि बायकोला समोर बसवलं.

‘मला असं वाटतं की...’ तिने सुरुवात केली.

‘थांब. आधी दीर्घ श्वास.’

‘मला असं...’

‘पोटातून घे. आणि खांदे सैल सोड.’

‘अहो, तुम्ही जरा बाहेर जाता का?’

गेलो. दार लागलं. आतून कुजबुज सुरू झाली ती थांबेचना. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा असा काही ताप उतरल्यासारखा दिसत होता की मी तडक हातोडी शोधली आणि पाटी ठोकली.

मग माझे वडील आत गेले. अण्णा म्हणजे ‘हं’ आणि ‘उंहू’ यांवर दिवस काढणारा माणूस. ते शीळ घालत बाहेर आले. मुलगी गेली, तीही हसत आली. खालच्या मजल्यावरच्या काकूंचीही वर्णी लागली. खुर्चीचा मान वाढत गेला. अण्णा ती रोज पुसायचे, मुलीने तिच्यावर उशी ठेवली. एकदा मोजे घालायला मी तिच्यावर टेकलो, तर तिघंही माझ्या अंगावर आले. मला राग आला नाही. अभिमान वाटला. ऑफिसात मी साहेबांना गाठून सांगितलं, ‘माझ्या घरात आता कोणाच्या मनात काही राहत नाही.’

आणि एका सकाळी खाली स्कूटर नव्हती.

‘अण्णा, स्कूटर?’

‘काकूंच्या जावयाला दिली. तुला विचारूनच दिली.’

‘मला कधी विचारलंत?’

‘परवा. तू काही बोलला नाहीस.’

वय झालंय, असं म्हणून मी मुलीकडे वळलो. ‘चल, रिक्षाने जाऊ. तुला क्लासला सोडतो.’

‘मी क्लास सोडला ना, बाबा. तुम्हाला सांगितलं होतं की. किती शांतपणे घेतलंत तुम्ही!’

मी आतल्या खोलीत धावलो. तिथे बायको मोठी बॅग भरत होती.

‘हे काय?’

‘असं काय करता? सोमवारी रुजू व्हायचंय मला. नवीन शाखा, मॅनेजर म्हणून. वर्षभर तिकडेच राहायचं. सगळं बोललोय आपण.’

‘आपण?’

तिची नजर खुर्चीकडे गेली. माझ्या मागे येऊन उभे राहिलेले अण्णा आणि मुलगीही खुर्चीकडेच बघत होते. माझ्या डोक्यात जरा उशिराच प्रकाश पडला.

‘त्या खुर्चीत कोण बसलंय असं समजता तुम्ही?’

‘तूच,’ अण्णा म्हणाले. ‘दुसरं कोण?’

‘तिघांच्याही खुर्चीत मीच?’

‘काकूंचा मात्र जावई असतो,’ मुलीने खुलासा केला.

खोटं कशाला सांगू, आधी छाती फुगली. सगळं घर एकाच माणसाचा सल्ला घेत होतं. मग बॅगेकडे लक्ष गेलं. ही वर्षभर नसणार होती आणि ते मला सोडून सगळ्यांना माहीत होतं.

मी उशी बाजूला केली आणि खुर्चीत बसलो. ‘मला पुन्हा सांग.’

अण्णा मुलीला घेऊन निघून गेले. बायको समोर बसली. ‘मध्ये बोलायचं नाही.’

मी मान हलवली.

‘मला ही जागा फार दिवसांपासून हवी होती. मिळाली, तर आता भीती वाटतेय. अनोळखी गाव, परकी माणसं, घरी आल्यावर कुलूप आपणच उघडायचं. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही लगेच उपाय सांगितला असता. मला उपाय नको होता हो. नुसतं सांगायचं होतं.’

भीतीवर माझ्याकडे एकाहून एक जालीम उपाय होते. सगळे जिभेच्या टोकावर आले. मी जीभ दाताखाली धरली. मॅनेजर झाली होती ती! खिडकी उघडून साऱ्या गल्लीला ओरडून सांगावंसं वाटलं. तेही केलं नाही. डोळे मात्र भरून आले, त्याला माझा इलाज नव्हता.

‘असेच राहा,’ ती म्हणाली आणि माझ्या हातावर हात ठेवला. कोर्समध्ये एवढे धडे झाले, पण हा कुठे नव्हता.

रविवारी टेम्पोत सामान चढलं. सगळ्यात शेवटी तिने विचारलं, ‘अहो, ही खुर्ची नेऊ का मी तिकडे?’

मी तोंड उघडलं. अण्णांचं काय, मुलीचं काय, माझ्या पाटीचं काय, सगळं ओठांवर आलं होतं. पण नवा धडा आठवला आणि मी तोंड मिटून घेतलं.

‘म्हणजे हरकत नाही,’ असं म्हणून तिने खुर्ची चादरीत गुंडाळून टेम्पोत ठेवली.

तिकडे तिचं उत्तम चाललंय. शाखा जोरात आहे. संध्याकाळी मी फोन लावतो, बोलणं दोन मिनिटांत आटोपतं. ‘बाकीचं सगळं मघाशीच सांगितलं तुम्हाला,’ ती म्हणते.

तिच्या मते हल्ली मी फार छान ऐकतो.