पाण्याची वेळ आणि फिलिपीन्स

केवळ ज्ञानासाठी ज्ञान मिळवणारा, त्यातून स्वतःला काहीही नको असलेला विद्वान आता आशिया खंडात उरला नाही, असं जाणकार म्हणतात. जाणकारांनी बडोद्यात, समा भागातल्या आमच्या सोसायटीत चौकशी केलेली दिसत नाही. इथे बी विंगच्या तळमजल्यावर अरविंदराव सबनीस राहतात. त्यांचा विषय फिलिपीन्स. त्यातही खास विषय म्हणजे फिलिपीन्सच्या लोकांनी जे जे प्रथम केलं ते. दुसऱ्यांदा केलेल्या गोष्टींत त्यांना रस नाही.

त्यांचं संशोधन जिन्याखालच्या काळ्या फळ्यावर प्रसिद्ध होतं. फळा मुळात पाण्याची वेळ लिहायला टांगलेला. तो सबनीसांकडे आला, कारण सोसायटीत सगळ्यांत सुवाच्य अक्षर त्यांचं आणि सगळ्यांत लवकर जागही त्यांनाच येते. काही वर्षांपूर्वी एका सकाळी मी दूध आणायला उतरलो, तर फळ्यावर वर नेहमीसारखी गुजरातीत पाण्याची वेळ होती, सहा ते सात. खाली मराठीत लिहिलं होतं, "आशियातील पहिले प्रजासत्ताक: फिलिपीन्स. नोंद असावी."

मी नोंद घेतली. दुसऱ्या दिवशी, "जगातील सर्वांत जुने चायनाटाउन: मनिला. नोंद असावी." तिसऱ्या दिवशी आशियातली पहिली महिला राष्ट्राध्यक्ष. चौथ्या दिवशी एक जलतरणपटू, ऑलिंपिक पदक मिळवणारा आग्नेय आशियातला पहिला माणूस.

ए विंगमधल्या तीन नंबरच्या पटेलकाकींनी आठवडाभर हे सहन केलं आणि मग जिन्यातच विचारलं, "आ फिलिपीन्सवाळा आपणने पाणी आपे छे?"

"पाणी देत नाहीत," सबनीस म्हणाले.

"तो पछी?"

"नोंद असावी," सबनीस म्हणाले आणि डस्टर झटकून घरात गेले.

पाण्याची वेळ गुजरातीत आणि फिलिपीन्स मराठीत, याचा मी पुष्कळ विचार केला. आमच्या सोसायटीत मराठी घरं दोनच. एक त्यांचं, एक माझं. मी सदतीस वर्षं ग्रंथालयात काढली आहेत. तेव्हा हे सगळं माझ्यासाठीच लिहिलं जातंय, हा माझा समज अगदीच निराधार नव्हता. तो समज बरीच वर्षं टिकला, यात मात्र दोष माझा.

'पहिलं' या शब्दाचं बडोद्याच्या जुन्या मराठी घरांत काय स्थान आहे ते बाहेरच्यांना कळायचं नाही. बडोदा संस्थानच्या महाराजांच्या काळात इथे बऱ्याच गोष्टी खरोखरच हिंदुस्थानात पहिल्या झाल्या. त्यानंतर फारसं काही झालं नाही, म्हणून त्याच पुन्हापुन्हा सांगाव्या लागतात. प्रत्येक घराकडे आपापलं एक पहिलेपण असतं. सबनीसांचे आजोबा म्हणजे संस्थानात सायकलवरून कचेरीत जाणारे पहिले कामदार. ते सायकलवरून पडणारेही पहिलेच होते, पण ते घरात सांगत नाहीत. गुजरात वेगळं राज्य झालं तेव्हा पुण्याच्या नातेवाइकांनी सबनीसांच्या वडिलांना लिहिलं, आता तिथे काय राहिलंय, इकडे या. वडिलांनी उत्तर पाठवलं, "आम्ही येथे पहिल्यापासून आहोत. नोंद असावी." वाक्प्रचार घरातच होता म्हणायचा.

सबनीस स्वतः कोयलीच्या रिफायनरीत प्रयोगशाळेत होते. तिथे ठिणगीच्या भीतीनं मोबाइल गेटवर जमा करावा लागे. निवृत्त झाले तरी त्यांचा मोबाइलवर विश्वास बसला नाही. त्यांच्याकडे बटणांचा एक फोन आहे, तो ते गॅसपासून सहा फूट लांब ठेवतात. माणूस तसा मोजका. पत्नी वारल्यावर स्वैपाक शिकले, तोही मापानं. डाळीला पाणी घालताना भांडं डोळ्यांच्या रेषेत धरतात.

त्यांना वाद घालण्यात रस नाही, मला आहे. मी एकदा म्हटलं, "सबनीस, ते तुमचं पहिलं प्रजासत्ताक जेमतेम दोन वर्षं टिकलं. आणि त्याआधीही एखाद-दुसऱ्या बेटानं तसा प्रयत्न केला होता म्हणतात."

"टिकण्याबद्दल मी कुठे लिहिलंय?"

"पण लवकर मोडलं, हेही लिहायला हवं ना."

त्यांनी बोटांवरचा खडू झटकला. "मोडलेल्याचं कशाला लिहायचं," म्हणाले. "ते सगळ्यांना माहीतच असतं."

मग घड्याळाचं प्रकरण झालं. सबनीसांचं मनगटी घड्याळ अडीच तास पुढे असतं. कोणी वेळ विचारली तर ते घड्याळात बघून, मनात वजाबाकी करून सांगत. घड्याळ दुरुस्त करून घ्या म्हटलं की म्हणत, "बिघडलेलं नाही. पुढे आहे." एका सकाळी मात्र त्यांची वजाबाकी राहून गेली आणि फळ्यावर पाण्याची वेळ साडेआठ ते साडेनऊ अशी पडली. लोक निवांत झोपले. पाणी सहाला आलं, सातला गेलं. साडेआठला अठ्ठावीस घरांतले नळ एकाच वेळी सूं करून वाजले. पटेलकाकी केसांना शिकेकाई लावून बसल्या होत्या. त्यांनी सबनीसांच्या दारात येऊन जे ऐकवलं ते कुठल्याही भाषेत पहिलंच असावं.

त्या संध्याकाळी मी सेक्रेटरी कांतिभाईंकडे गेलो. लोखंडी सामानाचं दुकान चालवणारा, कमी बोलणारा माणूस. मी सुचवलं, की फळ्यावर फक्त पाणी असावं. फिलिपीन्सचं मला घरी येऊन सांगितलं तरी चालेल, नाहीतरी वाचणारा मी एकटाच.

कांतिभाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तमे एकला नथी, साहेब."

त्यांनी फोन काढला. फळ्याचा फोटो काढून ते रोज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर टाकतात, हे मला माहीत होतं. तो कोणी कोणी पाहिला त्याची यादी टाकणाऱ्याला दिसते, हे माहीत नव्हतं. यादीत वरून दुसरं नाव होतं, गार्गी सबनीस, बी विंग. फोटो सहा वाजता टाकलेला, तिनं तो सहा वाजून दोन मिनिटांनी पाहिलेला.

गार्गी ही सबनीसांची एकुलती एक मुलगी. दुबईच्या इस्पितळात नोकरीला गेली होती, एवढं मला ठाऊक होतं. पुढचं विचारलं की सबनीस डाळीचं माप सांगत. पुढचं कांतिभाईंनी सांगितलं. तिनं तिथल्याच एका नर्सशी लग्न ठरवलं. मुलाचं नाव जोमार, फिलिपीन्सचा, सेबू बेटावरचा. तिनं घरच्या फोनवर हे कळवलं तेव्हा कांतिभाई टाकीची चावी न्यायला तिथेच बसलेले. सबनीस ओरडले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "त्या लोकांचं जगात पहिलं असं काय आहे?"

असा प्रश्न दुसऱ्या कुठल्या बापाला सुचला नसता. बडोद्याच्या बापाला तो सहज सुचला.

पलीकडून ती म्हणाली, "शोधा तुम्ही." आणि फोन ठेवला.

लग्न तिकडेच झालं. ती सेबूला राहायला गेली. नंतर फोन तिनं केला नाही, आणि यांनीही केला नाही. पण सोसायटीच्या ग्रुपमधून तिचं नाव काढायचं कांतिभाई विसरले होते. "पहेलां भूली गयो," ते म्हणाले. "पछी काढ्युं नहीं."

सबनीस रोज दहा वाजता फळ्याचा हिशेब विचारायच्या निमित्तानं दुकानात येतात, दोन खिळे हातात घेऊन बघतात, आणि म्हणतात, पाण्याचा निरोप पोचला का सगळ्यांना? कांतिभाई म्हणतात, पोहोंची गयो, बधाने. सबनीस खिळे परत ठेवतात आणि जातात.

तेव्हा मला घड्याळाचं कळलं. इथे सहा वाजतात तेव्हा सेबूत साडेआठ वाजलेले असतात. माणूस अडीच तास पुढे राहत होता.

हे कळल्यावर मी तोंड बंद ठेवायला हवं होतं. पण सदतीस वर्षांची सवय. काही दिवसांनी फळ्यावर आलं, "पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करणारा पहिला माणूस: सेबूचा एक दुभाषा. नोंद असावी." सबनीस फळ्याशीच उभे होते. त्यांनी इतका वेळ कधी कुठल्या नोंदीवर घालवला नव्हता.

"गोष्ट माहीत आहे तुम्हाला?" त्यांनी मला विचारलं. मला माहीत होती, पण मी नाही म्हटलं.

"एका पोर्तुगीज दर्यावर्दीनं मलाक्कात एक गुलाम विकत घेतला. त्याला युरोपात नेलं. मग पश्चिमेकडे गलबतं हाकत हाकत, अख्खी पृथ्वी ओलांडून, ते या बेटांपाशी आले. किनाऱ्यावरून होडी आली. हा गुलाम त्यांच्याशी आपल्या भाषेत बोलला." त्यांनी फळ्यावरच्या ओळीखाली बोट ठेवलं. "आणि त्यांना कळलं. इतकी वर्षं जगात कुणाला कळली नव्हती, ती त्यांना कळली."

मी ऐकून घेतलं. आणि मग म्हणालो, "पण तो सेबूचा होता हे सिद्ध झालेलं नाही, सबनीस. सुमात्राचाही असेल. ती भाषा बंदरांवरचे बरेच लोक बोलत."

बोललो आणि बोलल्याबरोबर कळलं. सबनीस डस्टर तिथेच ठेवून घरात गेले.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर फक्त पाणी. तिसऱ्या दिवशीही फक्त पाणी. पटेलकाकींनी मला जिन्यात गाठलं. "फिलिपीन्स खलास?" त्यांचा आवाज मला जरा काळजीचा वाटला. मी सबनीसांच्या दारावर दोनदा जाऊन परत आलो. बेल वाजवली नाही. काय सांगणार होतो? की चुकीचं राहू द्या, मला चालेल?

चौथ्या सकाळी मजकूर आला. अक्षर नेहमीसारखंच, एकही रेघ वाकडी नाही. "दुरुस्ती. पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस सेबूचा होता, असे सिद्ध झालेले नाही. तो कोठला होता, कोणास ठाऊक. नोंद असावी."

हा निव्वळ प्रामाणिकपणा होता, असं मी त्या दिवशी मानलं. प्रयोगशाळेतला माणूस, नमुना चुकला तर कळवणारच. आता मला तितकी खात्री वाटत नाही. माणसाची बरीवाईट शंभर विधानं लोक मुकाट्यानं वाचतात. पण कुणाच्या गावाचं पहिलेपण काढून घ्या, तो उत्तर देतोच. बडोद्याच्या माणसाला हे ठाऊक नसेल, हे कठीण आहे.

दहा वाजता मी मुद्दाम कांतिभाईंच्या दुकानात खिळे घ्यायला गेलो. मला खिळे नको होते. सबनीस आधीच आले होते. कांतिभाईंनी फोन त्यांच्यापुढे गल्ल्यावर ठेवला होता, आणि सबनीस हात मागे बांधून, लांबूनच, वाकून वाचत होते, जणू त्याला हात लावला तर ठिणगी पडेल.

ग्रुपवर फळ्याच्या फोटोखाली मराठीत गार्गीची एक ओळ होती; वडिलांना ती भाऊ म्हणते. "भाऊ, जोमार म्हणतो तो सेबूचाच होता. इथे लहान मुलांनाही माहीत आहे. नोंद असावी."

सबनीसांनी ती ओळ तीनदा वाचली. मग चष्मा काढला, पुसला, चौथ्यांदा वाचली. कांतिभाई एका गिऱ्हाइकाला बिजागरी दाखवण्यात अतिशय गुंतले होते. बिजागरी त्यांनी उलटी धरली होती.

"कांतिभाई," सबनीस म्हणाले, "उत्तर लिहायचंय."

"बोलो."

"लिहा. असहमत." त्यांनी दोन खिळे हातात घेऊन परत ठेवले. "पुरावा घेऊन दोघांनी प्रत्यक्ष यावे. खोली रिकामी आहे."

कांतिभाईंनी मराठी वाक्य गुजराती बोटांनी, एकेक अक्षर शोधत लिहिलं. 'खोली' त्यांना दोनदा विचारावी लागली. दोन्ही वेळा सबनीसांनी ती सावकाश सांगितली. मग ते काउंटरला धरून उभे राहिले आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत राहिले. वजाबाकी त्यांनी केली नाही. तिकडे साडेबारा वाजून गेले होते, जेवणाची वेळ.

फोन वाजला. आम्ही तिघांनी माना पुढे केल्या.

पटेलकाकींचा निरोप होता. आज फळ्यावर सगळं लिहिलं आहे, पण पाणी केटला वागे, म्हणजे किती वाजता, ते लिहायचं राहिलं आहे.