उरलेलं वाक्य

प्रात्यक्षिक जमलं तर प्राध्यापकांना स्वतंत्र प्रयोगशाळा मिळणार होती. फसलं तर जिन्याखालची खोली होतीच.

त्यांनी वाक्यरचनेचं गणित मांडलं होतं. अर्धं वाक्य कानावर पडताच माणसाचा मेंदू उरलेलं जुळवायला लागतो. त्यांचं संगणकावरचं मॉडेलही तेच करायचं. पण विद्यापीठातली माणसं माईक दिसला की भाषण ठोकतात. म्हणून मॉडेलला शिकवायला खरंखुरं बोलणं मिळावं यासाठी त्यांनी वर्षभर घरच्या जेवणाच्या टेबलावर माईक ठेवला. त्या टेबलावर सर्वांत जास्त तोंड कुणाचं चालतं, हे मात्र तपासलं नाही.

प्रात्यक्षिकाला त्यांनी सासूबाईंना आणलं होतं. त्या म्हणाल्या, "दार उघडं राहिलं की..."

पडद्यावर उमटलं, 'मांजर दुधात तोंड घालतं.'

विभागप्रमुख बाई खूश झाल्या. "अगोबाई! हे याला सुचतं कुठून?"

"सुचत नाही, मॅडम. ऐकलेलं तोलून सांगतं. पदरचं अक्षर घालत नाही," प्राध्यापकांनी छाती फुगवली.

"मग मीच बोलते. आमच्या विभागप्रमुख बाई म्हणजे..."

'शोभेची कुंडी.'

"एखादवेळी होतं असं," प्राध्यापक घाईने म्हणाले. "पुन्हा घेऊ."

पुन्हा घेतलं. 'झोपेत सह्या करणारी शोभेची कुंडी.' खाली मॉडेलची खात्री: शेकडा ब्याण्णव.

प्राध्यापक कोंडीत सापडले. मॉडेल चुकलं म्हणावं तर प्रयोगशाळा गेली. बरोबर म्हणावं तर जिन्याखालची खोलीही गेली.

"बाई, ते माझं बोलणं," सासूबाई शांतपणे म्हणाल्या.

"तुमचं? आपण कधी भेटलोय?"

"नाही ना! न पाहिलेल्या माणसाबद्दलच जीभ सैल सुटते. आज पाहिलं, आता वाक्य बदलेन."

बाईंना हसू आवरेना. त्यांनी प्रयोगशाळेच्या कागदावर सही केली, डोळे टक्क उघडे ठेवून.

घरी पोचल्यावर सासूबाईंनी चपला काढता काढता सुरुवात केली, "जावईबापू, रविवारी मला..."

"बहिणीकडे सोडतो."

"आणि ती भेटली की आम्ही दोघी..."

"बाजारात जाल. पिशव्या मी धरतो."

बायको आतून ओरडली, "अहो, ते मॉडेल घरी आणलंत की काय?"

"नाही गं," प्राध्यापक हळूच म्हणाले, "मीच आलोय."

प्रयोगशाळा प्राध्यापकांना मिळाली, वाक्य त्यांचं असूनही तोंडाळ म्हणून नाव सासूबाईंचं झालं. रविवार मात्र सगळे प्राध्यापकांचे गेले.