हर्षलचा गुंता

प्राध्यापक हर्षल घरी आला तेव्हा त्याचं तीन वर्षांचं संशोधन आईच्या मांडीवर होतं. लोकरीच्या एका गरगरीत गुंड्याच्या रूपात.

सकाळी हीच लोकर थर्मोकोलच्या फळीवर टाचण्यांनी वेडीवाकडी अडकवलेली होती. जंतूंच्या आरएनएची, म्हणजे त्यांच्या पेशीतल्या धाग्यासारख्या रेणूची, ती प्रतिकृती. हा धागा स्वतःवरच वळत जातो. त्या वळणांतल्या एका पोकळीत नवं औषध अडकवलं, की जंतूचा कारभार बंद. गेल्या वर्षी पडद्यावरची चित्रं पाहून अनुदान देणाऱ्या समितीला डुलक्या लागल्या होत्या, म्हणून यंदा लोकर. उद्या समितीला पटलं नाही, तर वाशीमच्या कॉलेजातली त्याची प्रयोगशाळा बंद होणार होती.

"आई! काय करून ठेवलं हे?" हर्षल जन्मात पहिल्यांदा तिच्यावर ओरडला.

"तूच तं फोनवर म्हनत होता, गुंता सुटून नाही राह्यला, झोप नाही लागत म्हनून." आवडाबाईंचा चेहरा उतरला. "अख्खी दुपार बसली मी. डोये दुखून आले."

हर्षलनं रिकामी फळी पुढे ओढली.

"रागावू नको," आवडाबाई म्हणाल्या. "जसा होता तसा पुन्हा गुतवून देतो."

आता हसावं की रडावं! शेवटी तिच्या हाती एक टोक देऊन तो पुन्हा वळणं घालू लागला, आणि घालता घालता सांगूही लागला. आजवर त्यानं तिला यातलं काही सांगितलंच नव्हतं. तिला काय कळणार, असं त्याला वाटे. शिकलेल्यांना असं फार वाटतं.

"जुन्या औषधाले जंतू आता दाद देत नाही, आई."

"तुह्या बाबाले कोनतंच इंजेक्शन लागू झालं नाही, तसं?"

हर्षलचा हात थांबला. "हो. तसंच."

मग त्यानं उरलेली वळणं घातली. आवडाबाईंनी टोक घट्ट धरून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी आपल्या रिठद गावापासून वाशीमपर्यंत, भरलेल्या एसटीत त्यानं फळीला कुणाचं बोट लागू दिलं नाही. कॉलेजात समितीच्या वैजयंती मॅडम "किती सुंदर!" म्हणाल्या आणि त्यांनी लोकर टोकाला धरून उचलली. टाचण्या पटापटा गळाल्या. मॅडमच्या हाती सरळ धागा लोंबत राहिला. प्राचार्य घाम पुसू लागले.

"तेवढं टोक घट्ट धरा," हर्षल म्हणाला, आणि काल आईला सांगितलं तसंच सगळं सांगत त्यानं पुन्हा वळणं घातली. यंदा कुणालाही डुलकी लागली नाही.

संध्याकाळी तो धावतच घरात शिरला. "आई, मंजूर झालं! सुटला गुंता!"

"कोनं सोडवला?"

"मॅडमनं. एका झटक्यात!" हर्षल हसत सुटला.

आवडाबाई हसल्या नाहीत.

"मॅडमनं सोडवला तं नाचून राह्यला. अन् काल मी सोडवला, तं माह्यावर काहून वरडला?"